कार्ब कितीचा टाकायचा?

मावळातल्या वराळे, आंबी, इंदोरी, नवलाख उंबरे या पट्ट्यात गाड्यांशी काहीच संबंध नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. एका अंगाला तळेगावची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाकण, वराळ्यातच अभियांत्रिकीचं कॉलेज. आणि पडवीत ताडपत्रीखाली वडिलांची किंवा चुलत्यांची टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स, नाहीतर शोगन. पोरगं हाताशी आलं की ती गाडी बाहेर निघते. मडगार्ड उतरतात, बटन टायर चढतात, मागचे शॉकअप उंच होतात आणि गाडी माळावर उतरते. मग मिस्त्रीला पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कार्ब कितीचा टाकू? चोवीसचा, सव्वीसचा का डायरेक्ट अठ्ठावीसचा?"

माझं म्हणणं आधीच मांडतो. हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. इंजिन कुठल्या आरपीएमवर काम करणार, सायलेन्सर कुठला, गाडी ट्रॅकवर पळणार की ओढ्याच्या दगडांतून चढणार, ही उत्तरं हातात आल्यावर कार्बच्या आकड्याला फारशी निवड उरत नाही. आपल्याकडे मात्र आधी कार्ब विकत घेतला जातो आणि मग इंजिन त्याच्या मापाचं करायची धडपड सुरू होते. त्यात चांगली इंजिनं गेली आहेत. आरएक्स १०० बनायची १९९६ साली बंद झाली, आरएक्स १३५ त्यानंतर काही वर्षांनी. गेलेलं सिलिंडर परत कारखान्यातून येणार नाही, म्हणून ही चर्चा नीट व्हायला हवी.

कार्बचा, म्हणजे कार्बुरेटरचा, नंबर म्हणजे आत हवा जाते त्या वाटेचा व्यास, म्हणजेच बोअर, मिलिमीटरमध्ये. पण हवा जाते ती क्षेत्रफळातून, आणि ते व्यासाच्या वर्गाने वाढतं. आरएक्स १०० चा कंपनीचा मिकुनी २० चा. त्याजागी २४ चा बसवला तर ऐकायला चारच मिलिमीटर वाढले, प्रत्यक्षात वाट ४४ टक्के मोठी झाली. २८ चा बसवला तर ती जवळपास दुप्पट होते. इंजिन मात्र तेवढंच, ९८ सीसीचं. ते खालच्या आरपीएमवर जेवढी हवा ओढत होतं तेवढीच ओढणार, फक्त आता रुंद वाटेने आणि सावकाश. इंद्रायणीचं पात्र जिथे पसरतं तिथे पाण्याची ओढ कमी होते, तसंच. आणि कार्बमधला सगळा कारभार या ओढीवर चालतो. हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि खालच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. वेग कमी पडला की पेट्रोल नीट खेचलं जात नाही, जे येतं ते बारीक फवाऱ्याऐवजी थेंबाथेंबाने येतं. थ्रॉटल झटकन उघडला की गाडी क्षणभर गप्प होते, मग एकदम उसळते. मिस्त्री म्हणतात, "गाडी खाली ओढत नाही, वर लय पळते." मोठ्या कार्बचं हे अचूक वर्णन आहे. वरच्या आरपीएमवर छोटा कार्ब इंजिनाचा श्वास अडवतो, तिथे मोठा मोकळी वाट देतो. दोन्ही टोकं एका कार्बमध्ये पूर्ण मिळत नाहीत. म्हणून बोअर निवडणं म्हणजे आरपीएमचा कुठला पट्टा आपला, हे ठरवणं.

कारखान्यांनी काय ठरवलं ते पाहू. यामाहाच्या वायझेड १२५ आणि वायझेड २५० या दोन मोटोक्रॉस गाड्यांना कार्ब एकाच मापाचा, ३८ चा. इंजिन दुप्पट, कार्ब तेवढाच! मुलांच्या ८५ सीसीच्या गाड्यांना, मग ती वायझेड असो, केएक्स असो की केटीएम, २८ चा. ६५ सीसीच्या केटीएम आणि कावासाकीला २४ चा. म्हणजे आपल्या आरएक्सपेक्षा पाऊणही नसलेल्या इंजिनाला आरएक्सपेक्षा मोठा कार्ब. हे आकडे पाहूनच आपली पोरं म्हणतात, "मग शंभरला अठ्ठावीस का नाही?"

याचं उत्तर ट्यूनिंगवाल्यांच्या एका जुन्या हिशेबात आहे. इंजिनाचे लिटर गुणिले सर्वाधिक ताकद मिळते तो आरपीएम, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला एका गुणकाने गुणायचं. तो गुणक साधारण ०.६५ ते ०.९० च्या दरम्यान असतो. कमी गुणक म्हणजे खालून ओढणारी, शहाणी गाडी. जास्त गुणक म्हणजे शर्यतीची. आरएक्स १०० ची ११ अश्वशक्ती ७५०० आरपीएमला मिळते. ०.०९८ गुणिले ७५००, त्याचं वर्गमूळ २७ च्या आसपास. कंपनीने २० चा दिला, म्हणजे गुणक ०.७४. रस्त्याच्या गाडीला अगदी रास्त. वायझेड २५० साधारण ८८०० ला शिखर गाठते, तिचा ३८ चा कार्ब म्हणजे गुणक ०.८१. वायझेड १२५ चं शिखर ११,००० च्या आसपास आणि तिथे गुणक १ च्या वर जातो. ही गाडी खाली जवळजवळ मेलेली असते आणि तिला त्याची फिकीर नाही, कारण ती चालवणारा क्लच मारून मारून तिला वरच ठेवतो. मुलांच्या ६५ आणि ८५ च्या गाड्या १२,००० च्या आसपास फिरतात, त्यांचा गुणक ०.८५ ते ०.९० येतो. मोठा कार्ब तिथे सीसीमुळे आलेला नाही, आरपीएममुळे आलेला आहे.

आता हाच हिशेब आपल्या माळावरच्या आरएक्सला लावू. कंपनीचंच सिलिंडर आणि कंपनीचाच सायलेन्सर असेल तर शिखर ७५०० लाच राहणार. गुणक अगदी ०.९ घेतला तरी उत्तर साडेचोवीसच्या आत येतं. म्हणजे २२, फार तर २४. पोर्टिंग झालंय, एक्स्पान्शन चेंबर लागलाय, इंजिन ९५०० ला चढतंय असं धरलं तर ०.७४ ते ०.९ या गुणकांनी उत्तर २२.५ ते २७.५ च्या मध्ये पडतं. तिथे २४ किंवा २६ शोभतो. २८ साठी गुणक ०.९ च्या वर न्यावा लागतो, म्हणजे निव्वळ ट्रॅकची गाडी आणि तिला वर ठेवू शकणारा हात. हा हिशेब म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. रीड व्हॉल्व्हचा आकार, चेंबरची लांबी, पोर्टची उंची सगळं त्यात येत नाही. पण "मित्राने टाकलाय" या कारणापेक्षा तो पुष्कळ भरवशाचा आहे.

जगभर टू-स्ट्रोकवाल्यांत एक वाद वर्षानुवर्षं चालला आहे आणि तो आपल्याला उपयोगी आहे: ३६ की ३८? जंगलात, दगडांत, चिखलात चालवणारे अनेक जण २५० आणि ३०० सीसीच्या गाड्यांचा ३८ चा कार्ब काढून मुद्दाम ३६ चा बसवतात. फरक फक्त अकरा टक्के क्षेत्रफळाचा. पण पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगात, खडकावर चाक ठेवून थ्रॉटल केसभर उघडायचा असतो, तिथे ते अकरा टक्के हाताला कळतात. केटीएमने स्वतः ३०० सीसीच्या एंड्युरो गाड्यांना अनेक वर्षं केहिनचा ३६ चाच दिला आणि २०१७ च्या मॉडेलपासून मिकुनीच्या ३८ वर गेली. ३६ चा गुणक काढला तर तो ०.७४ च्या आसपास येतो. आपल्या वडिलांच्या आरएक्सचा जो, तोच. युरोपातल्या कडक एंड्युरो गाडीचा आणि तळेगावहून कामशेतला दूध घालणाऱ्या आरएक्सचा गुणक एक यावा यात मला फार काही सांगणारं दिसतं. दोघींनाही खालून ओढायचं आहे.

मावळातली जमीनही तेच मागते. इथे लांबच लांब सपाट ट्रॅक कुठे आहेत? मुरमाड चढ, काळे कातळ, पावसाळ्यात बांधाला लागून घोट्याएवढा चिखल. अशा ठिकाणी टॉप स्पीडचा उपयोग क्वचित होतो, खालच्या पिकअपचा दर वळणावर. म्हणून माझा कौल मावळासाठी स्पष्टपणे लहान बोअरच्या बाजूने आहे. ज्याला नाशिकच्या किंवा पुण्याच्या डर्ट ट्रॅकवर स्पर्धेत उतरायचं आहे त्याने मोठा घ्यावा, पण आधी आपल्या गटाची नियमावली वाचावी. कुठल्या गटात काय बदलता येतं ते तिथे लिहिलेलं असतं. एक विषयांतर करतो. लोहगड, राजमाची, विसापूरच्या वाटा आणि वनखात्याच्या हद्दी डर्ट बाइकसाठी नाहीत. त्या पायवाटा चाकांनी खणल्या की पुढच्या पावसात ओघळ होतात आणि परत भरत नाहीत. माळ आपला असावा, किंवा मालकाला विचारलेला असावा. रस्त्यावर ही गाडी आणायचीच नाही, कारण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या रचनेत फेरफार केलेल्या गाडीला परवानगी देत नाही.

समजा बोअर ठरला. आता बसवायचा कसा, इथे खरी कामं निघतात. कार्बच्या पुढे मॅनिफोल्ड असतं. त्याचं आतलं तोंड २२ चं आणि कार्ब २६ चा असेल तर मध्ये पायरी तयार होते. हवा तिथे आपटते, पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटतात आणि चार मिलिमीटरचा सगळा खर्च त्या पायरीवर वाया जातो. मॅनिफोल्ड मोठं करावं तर त्यामागचा रीडचा ठोकळा तेवढाच राहतो. म्हणजे बोअर वाढवताना सगळ्यात अरुंद जागा कुठली ते पाहायचं. ती कार्बमध्ये नसेल तर कार्ब बदलून काही मिळणार नाही. मागच्या बाजूला एअर फिल्टर. कंपनीचा डबा काढून उघडा गोल फिल्टर लावायची आपल्याकडे फॅशन आहे. एप्रिलमध्ये तो धूळ पितो आणि जुलैमध्ये पाणी. डबा ठेवता आला तर ठेवावा.

आणि केबल. ही गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. २० च्या कार्बमध्ये स्लाइड पूर्ण उघडायला साधारण वीस मिलिमीटर वर यावी लागते, २६ च्या कार्बमध्ये सव्वीस. मूठ तीच, तिचा फिरण्याचा घेर तोच. म्हणजे एकतर मूठ जास्त फिरवावी लागते, नाहीतर स्लाइड शेवटपर्यंत उघडतच नाही. कार्ब काढून, फिल्टरच्या बाजूने डोळा लावून, मूठ पूर्ण फिरवून बघा. वर काळी किनार दिसली तर तुमचा २६ चा कार्ब २३ चाच आहे. आरएक्समध्ये त्याच मुठीतून एक फाटा ऑइल पंपाला जातो. कार्ब बदलला की पंपाची आणि थ्रॉटलची जुळणी बिघडते. पंपाच्या कप्पीवर खूण असते, ती पुन्हा जुळवावी लागते, नाहीतर मूठ अर्धी फिरली तरी पंप मागेच रेंगाळतो. शिवाय ज्या गाड्यांत ऑइल कार्बच्या तोंडाशीच सोडलेलं असतं, तिथे नव्या कार्बला ती नळी बसवायची जागाच नसते. अशी नळी कुणी दाबून बंद केली आणि टाकीत ऑइल मिसळायला सांगायचं राहिलं, तर गाडी वराळे फाट्याच्या पुढे जात नाही. पंप काढूनच टाकायचा असेल तर टाकीवर ठळक अक्षरांत "मिक्स पेट्रोल" लिहून ठेवावं. घरातलं दुसरं कुणी गाडी घेऊन पंपावर जातं तेव्हाच घात होतो.

जेटकडे येऊ. माझ्या मते विषयाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. कार्ब एकच यंत्र दिसतो, पण थ्रॉटल जसा उघडत जातो तसा कारभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मूठ जेमतेम उघडी असताना पायलट जेट आणि बाजूचा हवेचा स्क्रू. एक अष्टमांश ते पाव या टप्प्यात स्लाइडच्या खालच्या कडेला मारलेला तिरका काप. पाव ते पाऊण सुई आणि ती कुठल्या खाचेत क्लिपने अडकवली आहे ते. पाऊणच्या वर मेन जेट. आपल्याकडे तक्रार कुठलीही असो, बदलला जातो तो मेन जेट. सुरुवातीला गाडी अडखळते म्हणून मेन जेट मोठा केला, तर अडखळणं तसंच राहतं आणि वर प्लग काळा पडतो.

यावर सोपा उपाय आहे. मुठीवर आणि शेजारी हँडलवर मास्किंग टेपची पट्टी लावायची. पेनाने बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा रेघा मारायच्या. मग माळावर गाडी चालवताना ती नेमकी कुठल्या रेघेवर बिघडते ते बघायचं. अर्ध्याच्या रेघेवर चरचर करत असेल तर सुई. शेवटच्या रेघेवर आवाज जाड होऊन पळ संपत असेल तर मेन जेट मोठा आहे. शेवटच्या रेघेवर टणटण आवाज येत असेल आणि मूठ जराशी मिटल्यावर गाडी उलट जास्त पळत असेल, तर मेन जेट लहान आहे. त्या क्षणी क्लच दाबायचा आणि थांबायचं, कारण पुढे पिस्टन पकडणार आहे. पट्टी लावायला पाच रुपये लागतात आणि ती कित्येक पिस्टन वाचवते.

हवेच्या स्क्रूचाही नियम साधा. इंजिन गरम करून स्क्रू आत-बाहेर फिरवत आयडलिंग सगळ्यात जास्त आणि स्थिर कुठे मिळतं ते शोधायचं. पूर्ण आवळल्यापासून एक ते अडीच आट्यांच्या मध्ये ते मिळालं तर पायलट जेट बरोबर. एक आटाही न सोडता मिळालं तर गाडीला जास्त पेट्रोल हवंय, मोठा पायलट टाका. अडीचच्या पुढे गेलं तर लहान. कार्बच्या फिल्टरकडच्या बाजूला असलेल्या स्क्रूचं हे गणित आहे. इंजिनाकडच्या बाजूला स्क्रू असेल तर तो पेट्रोलचा असतो आणि सगळं उलटं चालतं.

जेटच्या नंबरांतला एक सापळा सांगायलाच हवा. केहिनच्या मेन जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो: १५० म्हणजे दीड मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा त्यातून ठराविक वेळात किती पेट्रोल वाहतं ते सांगतो. म्हणून केहिनचा १५० काढून मिकुनीचा १५० टाकणं म्हणजे सारखा जेट टाकणं नव्हे. दुकानात "दीडशेचा द्या" म्हणून मिळेल तो घेतला की मग "एवढं करूनही जमेना" अशी वेळ येते. त्यात बाजारात नामांकित कार्बच्या हुबेहूब नकला भरपूर आहेत. स्लाइड हलवून बघितली तर खडखडते, जेटवर कोरलेला आकडा आणि भोक जुळत नाही, सुईचा निमुळतेपणा भलताच असतो. अशा कार्बवर दोन दिवस घालवण्यापेक्षा कंपनीचा जुना २० चा धुऊन, नवी सुई आणि नवा फ्लोट व्हॉल्व्ह टाकून बसवावा. जुन्या आरएक्सचं खालचं अडखळणं बहुधा बोअरमुळे नसतं. वर्षानुवर्षं घासलेली सुई आणि तिच्याभोवतीचं भोक रुंद झालेलं असतं, एवढंच. आणि मॅनिफोल्डचं रबर तडकलं असेल तर कुठलाही जेट उपयोगाचा नाही. चालू इंजिनावर तिथे थोडं पाणी फवारून आयडलिंग बदलतं का ते आधी पाहावं.

आता मावळाच्या हवेकडे वळू, कारण इथे जेटिंग खरंच अवघड जातं. घाट चढला की पेट्रोल जास्त होतं हे सगळ्यांना माहीत आहे. खोपोलीहून लोणावळ्याला यायचं म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ. हवा पाच-सहा टक्के विरळ होते. पण कार्बमध्ये हवा विरळ झाली की पेट्रोलची ओढही थोडी घटते, म्हणून मिश्रणात फरक पडतो तो जवळपास निम्मा, तीन टक्क्यांच्या आत. केहिनच्या भाषेत १५० च्या जागी १४८. घाटासाठी उगाच चार नंबर खाली उतरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खरा फरक घाटापेक्षा ऋतूंचा आहे. वराळ्यात जानेवारीच्या पहाटे इंद्रायणीकाठी दहा अंश असतात, एप्रिलच्या दुपारी चाळीसच्या जवळ. या तीस अंशांत हवेची घनता दहा टक्क्यांनी बदलते. म्हणजे खोपोली ते लोणावळा या चढापेक्षा जवळपास दुप्पट, आणि तेही एकाच माळावर उभं राहून. मिश्रणात फरक पाच टक्क्यांचा. एप्रिलच्या उन्हात गाडी छान जुळवली आणि जानेवारीत तोंडातून वाफ निघत असताना पूर्ण मूठ फिरवली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. पावसाळ्यात उलट होतं. पंचवीस अंशांत हवा वाफेने पूर्ण भरली की त्या वाफेने तीन टक्क्यांहून जास्त जागा व्यापलेली असते, तेवढा प्राणवायू कमी. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात जुलैमध्ये गाडी जड वाटते आणि प्लग ओला होतो, त्यात मिस्त्रीचा दोष नसतो. सुईची क्लिप एक खाच वर चढवली की सुई खाली बसते आणि गाडी पुन्हा हलकी होते.

या सगळ्यावर मात करणारी गोष्ट गेल्या काही वर्षांत पंपावर आली आहे: २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तरी जुन्या पेट्रोलच्या मानाने इंजिन आठ टक्के भुकेलं राहतं. इथेनॉल वाफ होताना थंडावा देतं म्हणून थोडी सूट मिळते, पण तिच्यावर विसंबू नये. नव्या गाड्यांत इंजेक्शन आणि सेन्सर हा फरक आपोआप भरून काढतात. कार्बला ते कळत नाही. आरएक्सचे कंपनीचे जेट ठरले तेव्हा पंपावर इथेनॉल नव्हतं. आता त्या आठ टक्क्यांत जानेवारीच्या पहाटेचे पाच टक्के मिळवा. जुन्या पेट्रोलवर, उन्हाळ्यात, टोकाला बसवलेला मेन जेट आज थंडीत तेरा टक्के कमी पडतो. पिस्टन पकडायला एवढं पुरेसं आहे, मग बोअर २० चा असो की २८ चा. "मोठा कार्ब टाकला म्हणून इंजिन बसलं" असं सगळीकडे ऐकू येतं. माझी खात्री आहे की त्यातली बरीच इंजिनं बोअरने मारलेली नाहीत. कार्ब बदलला, कार्बच्या खोक्यातून आला तो जेट ठेवला, आणि पेट्रोल मात्र नव्या काळातलं होतं. आज मावळात टू-स्ट्रोक चालवणाऱ्याने कार्बचा बोअर बदलण्याआधी मेन जेट दोन-तीन नंबर वर नेऊन बघावा आणि मग प्लग वाचावा. लांब पूर्ण मुठीवर पळवून, तिथेच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबायचं आणि प्लग काढायचा. पोर्सिलीन मुळाशी चॉकलेटी हवं. पांढरं असेल तर पुढे जाऊ नये.

ऑइलचं प्रमाणही यात येतं. यामाहा वायझेडला तीस लिटरला एक लिटर सांगते, केटीएम आपल्या कार्बच्या एंड्युरो गाड्यांना साठला एक सांगायची. जितकं ऑइल जास्त तितकं त्याच जेटमधून येणारं पेट्रोल कमी. फरक दीड टक्क्याचा आहे, पण दर टाकीला वेगळं प्रमाण ठेवलं तर जेटिंग कधीच जुळत नाही. एक धरावं आणि मोजमापाच्या बाटलीनेच टाकावं. पावसाळ्यात इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करावा, नाहीतर तळाशी पाणी साचतं, पांढरी बुरशी धरते आणि पायलट जेटचं केसाएवढं भोक बुजतं.

कारखान्यांनी हा सगळा उपद्व्याप संपवायला घेतला आहे. केटीएमने २०१८ च्या मॉडेलपासून एंड्युरोच्या टू-स्ट्रोकला इंजेक्शन दिलं, थ्रॉटलची वाट ३९ मिलिमीटर. एवढी मोठी वाट असूनही गाडी खालून ओढते, कारण पेट्रोल ओढीवर अवलंबून नाही, ते पंप ढकलतो. म्हणजे लहान बोअर की मोठा हा वादच तिथे मिटतो. घाट, थंडी आणि हवेचा दाब सेन्सर बघून घेतात. मोटोक्रॉसच्या गाड्याही २०२३ पासून त्याच वाटेने गेल्या. यामाहाने मात्र वायझेडवर कार्ब ठेवला आहे आणि तो ठेवण्यामागे किंमत, वजन आणि माळावर पान्याने उघडता येणारी रचना अशी ठोस कारणं आहेत. कार्बवर शिकणारी मुलं आपल्या जवळही उतरतात. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. त्यात मोठ्या गटांबरोबर ८५ सीसीचा मुलांचा गट होता. त्या वयात, त्या मापाच्या टू-स्ट्रोकवर मूल शिकतं तेव्हा त्याला २८ चा कार्ब, पायलट आणि मेन जेट, प्लगचा रंग हे सगळं लवकर कळतं. घरी ८५ सीसीची परदेशी गाडी घेणं आपल्याकडे फार थोड्यांना जमतं. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे पडवीतली आरएक्स आहे.

तिच्यासाठी माझा हिशेब असा. कंपनीचं सिलिंडर असेल तर २० चा कार्ब ठेवा, सुई आणि भोक नवं करा, मेन जेट वर न्या. पोर्टिंग आणि चेंबर झालं असेल तर २४, हात बसला आणि ट्रॅकवरच जायचं असेल तर २६. आरएक्स १३५ ला एक पायरी मोठा चालतो. नवा कार्ब आणताना जोडीला मेन जेटचे वर-खाली पाच आणि पायलटचे तीन जेट घ्या. एका जेटसाठी पिंपरी किंवा पुण्याला फेरी मारावी लागली की माणूस तडजोड करतो. काढलेला जुना कार्ब विकू नका, पेट्रोलने धुऊन पिशवीत घालून ठेवा. आणि कार्बच्या बुडाला, फ्लोट चेंबरवर, रंगाने लिहा: आत कुठला मेन, कुठला पायलट, सुई कितव्या खाचेत, आणि ते कुठल्या महिन्यात बसवलं. महिना लिहायचा विसरू नका.